डीएपीच्या गोणीतलं युरेनियम आणि मुरबाडची माती: काउंटर काय सांगतो, काय सांगत नाही

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुरबाड तालुक्यात तीन एकर जमीन आहे. पावसाळ्यात भात, नंतर भेंडी आणि घरापुरती पालेभाजी. वीसेक वर्षं डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट), १०:२६:२६ आणि पोटॅश ही खतं पडतायत. ऐरोलीत नोकरीला असलेल्या मुलाने ऑनलाइन एक छोटा गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, मागवला, गावी आल्यावर सहज पोटॅशच्या गोणीवर ठेवला आणि आकडा दुपटीच्या वर गेला. त्यातच फॉस्फेट खतात युरेनियम असतं असं त्याच्या वाचनात आलं. तेव्हापासून घरात एकच विषय: जमीन किरणोत्सारी झाली का, निर्यातीची भेंडी नाकारून परत येईल का, माती तपासायची तर कुठे?

पर्यावरणातली किरणोत्सारिता मोजणं हेच माझं नोकरीभराचं काम होतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी उत्तर सांगून टाकतो. काउंटर खोटं बोलत नाही. फॉस्फेट खतात युरेनियम असतं हेही खरं. पण गोणीवरचा तो आवाज युरेनियमचा नाही, पोटॅशचा आहे. आणि तुमच्या शेतात खतातून आलेलं युरेनियम इतकं थोडं आहे की ते शोधून काढायचं म्हटलं तर चांगल्या प्रयोगशाळेलाही घाम फुटेल. हे मी आकड्यांनी दाखवतो, कारण या विषयात धीर देणारे आणि घाबरवणारे दोघेही आकडे टाळतात.

आधी गोणी. निसर्गातलं पोटॅशियम जिथे म्हणून असेल तिथे त्यातला ०.०११७ टक्के भाग पोटॅशियम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाचा असतो. त्याचं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं, म्हणजे पृथ्वी घडली तेव्हापासूनचं ते अजून शिल्लक आहे. एक ग्रॅम पोटॅशियम म्हणजे सुमारे ३१ बेकरेल, सेकंदाला ३१ विघटनं. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये, म्हणजे तुमच्या पोटॅशच्या गोणीत, ६० टक्के पालाश. पालाश मोजतात पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात, म्हणून शुद्ध पोटॅशियम जवळपास निम्मं. किलोमागे हिशेब येतो साधारण १५,५०० बेकरेल. १०:२६:२६ मध्ये सुमारे ६,७००, सुफला १५:१५:१५ मध्ये ३,९०० च्या आसपास. युरियात पोटॅशियम नाही, फॉस्फेटही नाही, त्यामुळे तिथे शून्य धरायला हरकत नाही.

म्हणून मुलाला सांगा, काउंटर आधी युरियाच्या गोणीवर ठेव, मग पोटॅशच्या. युरियावर तो अंगणात दाखवतो तेवढंच दाखवेल. आता पोटॅशची गोणी आणि काउंटर यांच्यामध्ये दोन स्टीलची ताटं एकावर एक ठेवा. आकडा बराच खाली येईल. पोटॅशियम-४० च्या दर १०० विघटनांपैकी ८९ मध्ये बीटा कण बाहेर पडतो आणि त्याला अडवायला दीड-दोन मिलिमीटर स्टील पुरतं. गॅमा किरण मात्र शंभरात जेमतेम अकरा वेळा निघतो. स्वस्त काउंटर बीटा आणि गॅमा यांत फरक करत नाही. तो नुसते ठोके मोजतो आणि कारखान्यात बसवलेल्या एका गुणकाने ते मायक्रोसिव्हर्टमध्ये, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या डोसच्या एककात, बदलून दाखवतो. तो गुणक बहुधा सीझियम-१३७ च्या गॅमासाठी ठरवलेला असतो. गोणीवर टेकवलेल्या काउंटरचा मायक्रोसिव्हर्टचा आकडा म्हणूनच फुगलेला असतो. ठोके खरे, एकक फसवं.

तरीही डोस किती, असा प्रश्न उरतोच. पोटॅशने भरलेल्या गोदामात, ढिगावर उभं राहून काम केलं तर गॅमाचा दर तासाला फार तर ०.६ मायक्रोग्रे (गॅमासाठी एक ग्रे म्हणजे एक सिव्हर्ट धरू). एका हंगामात शंभर तास तसं काम केलं तर ०.०६ मिलिसिव्हर्ट. जगातल्या माणसाला निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, त्यातले जवळपास निम्मे घरातल्या रेडॉन वायूमुळे. आणि तुमच्या पडवीत गोदाम नाही, चार गोण्या आहेत.

काउंटर वापरणाऱ्या प्रत्येकाला मी दोन गोष्टी सांगतो. पहिली, एका मिनिटाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या अंगणात मिनिटाला २० ठोके पडत असतील तर पुढच्या मिनिटाला १५ किंवा २५ पडणं अगदी स्वाभाविक आहे. विघटन यादृच्छिक असतं आणि आकड्यातला चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा धरायचा असतो. दहा मिनिटं मोजा, २०० ठोके येतील आणि चढउतार १४ चा, म्हणजे आधीच्या वीसेक टक्क्यांऐवजी सातच टक्के राहील. भाताचं खाचर आणि बांध यांची तुलना करायची तर तासभर तरी ठेवा. दुसरी गोष्ट पावसाची. आपल्याकडे जुलैत धो धो सर सुरू झाली की हवेतल्या रेडॉनची कन्या-मूलद्रव्यं, म्हणजे त्याच्या विघटनातून तयार झालेली मूलद्रव्यं, पावसाबरोबर जमिनीवर उतरतात आणि काउंटर अचानक चढतो. शिसं-२१४ चं अर्धायुष्य २७ मिनिटं आणि बिस्मथ-२१४ चं २० मिनिटं असल्याने सर थांबल्यावर दोन-तीन तासांत सगळं मूळपदावर येतं. दर पावसाळ्यात कुणीतरी याचा स्क्रीनशॉट फिरवतो आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव घेतो. तेव्हा काय करायचं तर थांबायचं, आणि दोन तासांनी पुन्हा मोजायचं.

पोटॅशियम-४० मातीत वाढलं तर पिकात वाढेल, पोटात जाईल, अशी भीती मला अनेकदा विचारण्यात आली आहे. आपल्या शरीरात पोटॅशियम १४० ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे चार हजारांहून जास्त बेकरेल आपण सोबत घेऊनच हिंडतो. शरीर पोटॅशियमची पातळी स्वतः राखतं. जास्त आलं तर मूत्रावाटे बाहेर टाकतं, साठवत नाही. एका शहाळ्याच्या पाण्यात अर्धा ग्रॅम पोटॅशियम धरलं तर १५ बेकरेल झाले, तरी आजारी माणसाला आपण तेच देतो.

आणि हे पोटॅशियम कारखान्यातून आलं की गोठ्यातून, पोटॅशियम-४० ला फरक पडत नाही. एकरी पाच टन शेणखत टाकलं आणि त्यात अर्धा टक्का पालाश धरलं, तर त्यातून सुमारे ६ लाख ४० हजार बेकरेल शेतात गेले. पोटॅशची ५० किलोची गोणी टाकली तर ७ लाख ७० हजारांच्या आसपास. फारसा फरक नाही. तुमच्याकडे रोपवाटिकेसाठी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, कवळं जाळून जी राख उरते तिच्यातही काही टक्के पोटॅशियम असतं, आणि कोरड्या राखेची पिशवी भरून काउंटरखाली धरली तर तीही बोलेल. आजोबांच्या काळापासून राब भाजतायत. 'किरणोत्सर्गमुक्त सेंद्रिय भाजी' असं लेबल लावून कुणी विकत असेल तर त्याने आधी भाजीतून पोटॅशियम काढून दाखवावं. तशी भाजी उगवणारच नाही.

आता खरा प्रश्न, फॉस्फेटचा.

स्फुरद, म्हणजे फॉस्फेट, खतांचा कच्चा माल म्हणजे रॉक फॉस्फेट. समुद्राच्या तळाशी साचून बनलेल्या फॉस्फेट खडकात युरेनियम अडकून राहतं, कारण खनिजाच्या जाळीत ते कॅल्शियमची जागा घेऊ शकतं. मोरोक्को, जॉर्डन, इजिप्त इथून येणारा खडक या प्रकारचा. अशा खडकात युरेनियम-२३८ किलोमागे हजार-दीड हजार बेकरेलच्या घरात असणं नवलाचं नाही. ज्वालामुखीय, म्हणजे आग्नेय फॉस्फेट, जसं रशियातल्या कोला भागातलं, यात ते खूप कमी. त्यामुळे 'डीएपीत इतकं युरेनियम' असा एकच आकडा सांगता येत नाही. तो खडक कुठल्या खाणीतला, यावर ठरतो, आणि आपल्याकडे आयात बदलत राहते. याच कारणाने दोन वर्षांच्या दोन गोण्यांचे आकडे तिपटीने वेगळे निघाले तरी मी चकित होणार नाही.

पुढची पायरी कारखान्याची, आणि मोजणाऱ्यासाठी ती फार महत्त्वाची. खडकावर सल्फ्युरिक आम्ल टाकलं की फॉस्फोरिक आम्ल आणि जिप्सम तयार होतं. इथे युरेनियम आणि त्याच्याच विघटनाच्या साखळीतून तयार झालेलं रेडियम यांची ताटातूट होते. युरेनियमचा मोठा भाग आम्लात जातो, रेडियमचा मोठा भाग जिप्समबरोबर बसतो. डीएपी आम्लापासून बनतं, म्हणून त्यात युरेनियम भरपूर आणि रेडियम थोडं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये जिप्सम वेगळं काढलेलंच नसतं, सगळं एकाच गोणीत, त्यामुळे त्यात दोन्ही सारखंसारखं, पण स्फुरद फक्त १६ टक्के असल्याने किलोमागे आकडा कमी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तुमच्या शेताचा हिशेब मांडू. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. नांगराचा थर २० सेंटीमीटर, मातीची घनता १.३. मातीचं वजन येतं सुमारे १०.५ लाख किलो. हा आकडा लोकांच्या डोक्यात नसतो, आणि सगळी भीती तिथूनच सुरू होते. एका एकरावर हजार टन माती आहे.

भाताला एकरी डीएपीची एक गोणी आणि भेंडीला एक, असे वर्षाला १०० किलो धरू. डीएपीत युरेनियम-२३८ मुद्दाम जास्त धरू, किलोमागे २,००० बेकरेल. वर्षाला शेतात गेले २ लाख बेकरेल. त्याला १०.५ लाख किलोंनी भागा: मातीच्या किलोमागे ०.१९ बेकरेल. वीस वर्षं हेच चालू ठेवलं, त्यातलं कणभरही पिकाने उचललं नाही, पावसाने वाहून नेलं नाही असं मानलं, तरी वाढ ३.८ बेकरेल. वजनात सांगायचं तर एक किलो मातीत ०.३ मिलिग्रॅम युरेनियम. जगभरातल्या मातीत युरेनियम-२३८ ची सरासरी, संयुक्त राष्ट्रांच्या अनस्केअर समितीच्या आकडेवारीनुसार, ३३-३५ बेकरेल आहे. म्हणजे सगळे अंदाज खताच्या विरुद्ध बाजूला झुकवूनही वीस वर्षांची भर सरासरीच्या नवव्या भागाएवढी.

ही भर शून्य आहे असं मी म्हणत नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या प्रयोगशेतात १८४३ पासून एकाच जागी खतांचे प्रयोग चालू आहेत, आणि तिथे दशकानुदशकं सुपरफॉस्फेट दिलेल्या मातीत खतातलं बरंचसं युरेनियम वरच्या थरातच टिकून राहिल्याचं आढळलं. ते साचतं, हे नक्की. पण किती, याचं उत्तर वरच्या भागाकारात आहे.

जाता जाता एक गोष्ट, कारण ठाणे-पनवेल पट्ट्यातल्या खारजमिनीचे शेतकरीही मला विचारतात. माती सुधारायला जिप्सम टाकायचा सल्ला मिळाला आणि ते फॉस्फोजिप्सम, म्हणजे वर सांगितलेलं आम्लाच्या कारखान्यातलं जिप्सम, असेल, तर हिशेब बदलतो. ते गोणीने नाही, टनाने टाकतात. एकरी दोन टन, किलोमागे रेडियम ७०० बेकरेल धरलं तर एकाच वेळी मातीच्या किलोमागे १.३ बेकरेल वाढले. तुमच्या सात वर्षांच्या डीएपीएवढे, तेही रेडियमचे, ज्याच्यापासून रेडॉन निघतो. हेही धोक्याचं नाही. पण मातीत फरक शोधायचाच असेल तर मी डीएपीवाल्या शेतापेक्षा जिप्समवाल्या शेतात आधी जाईन. खनिज जिप्सममध्ये हा प्रश्न नाही.

तुमच्या मातीचं मूळ काय, तेही पाहू. मुरबाड, शहापूर, कल्याण हा सगळा दख्खनच्या बसाल्टचा मुलूख. काळा कातळ. बसाल्टमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम तिन्ही कमी असतात. युरेनियम साधारण दशलक्षात अर्धा-एक भाग, म्हणजे सहा ते बारा बेकरेल. वर आपला पाऊस, अडीच-तीन हजार मिलिमीटर. तो पोटॅशियम धुऊन नेतो, थोरियम मात्र न विरघळणाऱ्या कणांत आणि लोहाच्या ऑक्साइडात अडकून मागे राहतं. म्हणून डोंगरउताराच्या तांबड्या वरकस जमिनीत आणि खालच्या खाचरात तिन्हींचं प्रमाण वेगळं येऊ शकतं, खताचा थेंबही न पडता. उदाहरणादाखल रेडियम १०, थोरियम १५, पोटॅशियम-४० १५० बेकरेल अशी माती घेतली तर जमिनीपासून मीटरभर उंचीवर गॅमाचा दर तासाला २० नॅनोग्रे येतो. जगाची सरासरी ६० च्या जवळ आहे. केरळच्या चवरा किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे तो कित्येक पटींनी जास्त, आणि तिथे लोक पिढ्यानपिढ्या राहतात. ऐरोलीच्या फ्लॅटमधला ग्रॅनाइटचा ओटा तुमच्या शेतापेक्षा जास्त किरणोत्सारी निघण्याची शक्यता चांगलीच आहे. चिरंजिवांना तिथे काउंटर ठेवून बघायला सांगा.

आता प्रयोगशाळेत काय होतं ते. हे सांगितल्याशिवाय अहवाल वाचता येणार नाही.

माती वाळवतात, १०५-११० अंशांवर ओव्हनमध्ये, वजन स्थिर होईपर्यंत. कुटून २ मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक चाळणीतून काढतात. मग ती मारिनेली बीकरमध्ये भरतात. या बीकरच्या बुडाला आत खळगा असतो, तो डिटेक्टरवर टोपीसारखा बसतो, त्यामुळे डिटेक्टरच्या चहूबाजूंनी माती येते. झाकण हवाबंद करून टेप लावायची आणि चार आठवडे बाजूला ठेवून द्यायचं. नवख्याला हा वेळकाढूपणा वाटतो. पण रेडियम-२२६ थेट मोजणं अवघड असतं. त्याचा १८६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा युरेनियम-२३५ च्या गॅमात मिसळून जातो. म्हणून आपण मोजतो रेडियमची नातवंडं, शिसं-२१४ चा ३५२ आणि बिस्मथ-२१४ चा ६०९. या दोघांच्या आणि रेडियमच्या मध्ये रेडॉन येतो, आणि तो वायू आहे, मातीतून निसटतो. ३.८ दिवस अर्धायुष्याचा रेडॉन आत कोंडून चार आठवडे ठेवला की सगळी साखळी समतोलात येते, मग नातवंडांचा आकडा म्हणजे रेडियमचा आकडा. ज्या अहवालात सीलबंद ठेवल्याची तारीख आणि मोजल्याची तारीख नाही, त्यातल्या रेडियमच्या आकड्याकडे मी पाहतही नाही.

डिटेक्टर शुद्ध जर्मेनियमचा असेल तर उत्तम. तो द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागतो, भोवती दहा सेंटीमीटर जाड शिशाची भिंत. आपल्या मातीसारखा कमी किरणोत्सारी नमुना पंधरा-वीस तास मोजावा लागतो, आणि रिकामा बीकरही तितकाच वेळ मोजून वजा करावा लागतो. पडद्यावर टेकड्यांची रांग दिसते: ९११ ला अ‍ॅक्टिनियम-२२८, म्हणजे थोरियमची साखळी, १४६१ ला पोटॅशियमचं ठसठशीत शिखर, शेवटी २६१४ ला थॅलियम-२०८. मध्ये ६६२ वर लहानसा उंचवटा दिसला तर घाबरू नका. तो सीझियम-१३७, १९५०-६० च्या दशकांतल्या हवेतल्या अणुचाचण्यांची धूळ. तीस वर्षांचं अर्धायुष्य, जगभर सापडतो. मला तो उलट उपयोगी वाटतो, कारण त्याच्यावरून वरचा थर जागेवरचा आहे की बाहेरून मुरूम-माती आणून भरलीय याचा अंदाज येतो.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. वरच्या सगळ्या पद्धतीत मोजलं जातं रेडियम, आणि अहवालात लिहिलं जातं 'युरेनियम-२३८'. न छेडलेल्या मातीत हे बहुतेकदा चालून जातं, कारण दोघं समतोलाच्या जवळ, म्हणजे जवळपास सारख्याच बेकरेलचे, असतात. डीएपीच्या बाबतीत अजिबात चालत नाही! डीएपीतलं रेडियम कारखान्यातच मागे राहिलंय. रेडियम मोजून 'खताचा परिणाम नाही' म्हणणं म्हणजे बैल गोठ्यातच ठेवून नांगरटीला किती वेळ लागला ते विचारण्यासारखं. युरेनियमच पाहिजे असेल तर त्याच्या साखळीतल्या पहिल्या वारसांचा, थोरियम-२३४ चा ६३ किंवा प्रोटॅक्टिनियम-२३४ एम चा १००१ हा गॅमा मोजावा लागतो. पहिला इतका दुबळा की मातीच अर्धाअधिक गिळते, त्याची दुरुस्ती करावी लागते. दुसरा शंभर विघटनांत एकदाही धड निघत नाही. दहा-बारा बेकरेलच्या मातीत यातली अनिश्चितता सहज दोन-तीन बेकरेलची होते. आणि आपण शोधतोय चारच्या आतली वाढ. यासाठी आयसीपी-एमएस हे यंत्र बरं, ते विघटनं न मोजता थेट अणू मोजतं.

यावरून आठवलं. खतांच्या परिणामावरचे बरेच शोधनिबंध मी तपासून दिले आहेत, आणि त्यांतला एक साचा मला खटकतो. दहा नमुने खत दिलेल्या शेतातले, दहा बिनखताच्या जमिनीतले, दोन्हींची सरासरी, मग 'रेडियम समतुल्य' नावाचं सूत्र: रेडियम अधिक १.४३ गुणिले थोरियम अधिक ०.०७७ गुणिले पोटॅशियम. आणि निष्कर्ष, ३७० च्या आत, म्हणून सुरक्षित. अहो, ते ३७० बांधकामाच्या साहित्यासाठी आहे, विटा आणि सिमेंटसाठी, घरात चहूबाजूंनी भिंती असताना. शेतात भिंती नाहीत. आणि बिनखताची जमीन म्हणून घेतलेली असते टेकडीवरची वरकस, जिची मातीच वेगळी. एकाच शिवारात दोन खाचरांमध्ये १५-२० टक्के फरक नैसर्गिक असतो. मग तो फरक खतावर ढकलला जातो किंवा खताला निर्दोष ठरवायला वापरला जातो, संशोधकाच्या कलाप्रमाणे.

तुमच्याच शेतात नीट बघायचं असेल तर मी असं करीन. दुसरीकडची माती तुलनेला घेणार नाही, त्याच खाचराचा खालचा थर घेईन. खतातलं युरेनियम वर राहतं, म्हणून ०-१५ सेंटीमीटर एक नमुना आणि ४५-६० सेंटीमीटर दुसरा. वर युरेनियम आणि रेडियम यांचं गुणोत्तर खालच्यापेक्षा वाढलेलं दिसलं तर ती डीएपीची सही. बांधाची माती 'बिनखताची' म्हणून घेऊ नका, दर वर्षी खाचरातलीच माती काढून तुम्ही बांध घालता. नमुना भाताची कापणी झाल्यावर, भेंडीला खत टाकण्याआधी घ्या. शेतातून नागमोडी चालत दहा-बारा जागी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, बाजूची एक पातळ काप. झाडाखालची, उकिरड्याजवळची, पाणी शिरतं त्या तोंडाजवळची जागा सोडा. पाण्याच्या तोंडाशी वरच्या खाचरातला गाळ बसतो, ती तुमची माती नसते. सगळं एका ताडपत्रीवर मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत दोन किलो उरवा. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी असाच नमुना काढतात, फक्त इथे जास्त लागतो. गोणीतलं खतही अर्धा किलो वेगळं द्या आणि लॉट नंबर लिहून ठेवा. खत न मोजता नुसती माती मोजणं मला नेहमीच अर्धवट वाटत आलं आहे.

पिकाचं काय? युरेनियम मातीच्या कणांना आणि लोहाच्या ऑक्साइडांना घट्ट धरून राहतं. धान्याच्या दाण्यात साधारणपणे मातीतल्या प्रमाणाच्या शंभराव्या भागाइतकंही पोचत नाही. पालेभाजीत थोडं जास्त, पण तिथेही मुळातून येतं त्यापेक्षा पानाला चिकटलेल्या चिखलातून जास्त येऊ शकतं. पालक, माठ नीट धुवा, एवढंच. बोअरवेलच्या पाण्यात युरेनियमची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनुसार लिटरला ३० मायक्रोग्रॅम. बसाल्टच्या मुलखात ही अडचण सहसा ग्रॅनाइटी भागांइतकी येत नाही. तरी पिण्याचं पाणी तपासून घेणं मातीच्या तपासणीपेक्षा स्वस्त आणि अधिक कामाचं.

फॉस्फेट खताबद्दल काळजी करायचीच असेल तर मी कॅडमियमची करीन. तेही त्याच खडकातून येतं, पण युरेनियमपेक्षा पिकात सहज शिरतं, भातात आणि पालेभाजीत विशेष, आणि मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साचतं. युरोपीय संघाने २०२२ पासून फॉस्फेट खतांत स्फुरदाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅमची कॅडमियम मर्यादा लागू केली आहे. त्यांनी युरेनियमची मर्यादा घातलेली नाही. कळवा-दिवा पट्ट्यात रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या भाजीबद्दलही माझं तेच मत आहे: तिथे काउंटर घेऊन जाण्यात अर्थ नाही, जड धातू तपासा.

आता भेंडी. युरोपला जाणाऱ्या भारतीय भेंडीची वाढीव तपासणी होते ती कीटकनाशकांच्या अंशासाठी. किरणोत्साराचं प्रमाणपत्र काही देश अन्नपदार्थांना मागतात, पण ती पद्धत १९८६ च्या चेर्नोबिलनंतरची आणि त्यात बघतात सीझियम. भेंडीतलं पोटॅशियम-४० त्यांना माहीत असतं आणि ते त्यावर बोट ठेवत नाहीत. खरेदीदाराने असं प्रमाणपत्र मागितलंच, तर तुम्हाला लांब जायला नको. वाशीला ब्रिट, म्हणजे विकिरण आणि समस्थानिक प्रौद्योगिकी मंडळ, यांची रेडिओ-अ‍ॅनालिटिकल प्रयोगशाळा आहे, तिथे निर्यातीच्या मालाची अशी तपासणी होते. मातीचा नमुना घेतील का, किती घेतील, शुल्क काय, हे आधी विचारून घ्या आणि मगच दोन किलोंची पिशवी घेऊन लोकलमध्ये चढा.

विचारताना तीन गोष्टी लेखी मागा: युरेनियम-२३८ कुठल्या गॅमावरून काढलं, सीलबंद किती दिवस ठेवलं, आणि प्रत्येक आकड्यापुढे अधिक-उणे किती. तिसरी गोष्ट नसेल तर पैसे देऊ नका. आणि तीन एकरांसाठी वरचा-खालचा असे दोन नमुने आणि खताचा एक, याहून जास्त खर्च मी करणार नाही. उरलेल्या पैशात मातीचा सामू, सेंद्रिय कर्ब आणि उपलब्ध स्फुरद तपासून घ्या. वीस वर्षं डीएपी पडलंय, कदाचित भेंडीची गोणी अर्ध्यावर आणता येईल.